बाईला पन्नासच्या वर नाही

इंदूरच्या बसस्टँडवर दादाने माझी पत्र्याची पेटी उचलली, पण स्वतःच्या खांद्यावरची पिशवी काही मला धरू दिली नाही. "राहू दे, तुला झेपणार नाही," म्हणाला. पिशवी बघूनच कळत होतं की आत फार वजन नाही. तेव्हाच माझ्या मनात आलं, हा काहीतरी लपवतोय.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. इंदूरला इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाला होता. मी नववीची परीक्षा देऊन देवासहून निघाले होते आणि तो मला पुढे धारला घेऊन चालला होता. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. आमचे वडील सांगलीकडून देवासला कारखान्यात नोकरीला आलेले, आई धारची. आमच्या घरी अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी चालायचं. मामांकडे जायची वेळ आली की आई बजावायची, "तिथे 'मेरेको-तेरेको' नको, आणि मामींना 'आपण' म्हण." धारच्या त्या घरात संस्थानी वळणाचं मराठी अजून टिकून होतं. मामा वकील होते. कुणी पाणी प्यायला उठलं तरी "कुठे निघालात?" असं विचारायची त्यांना सवय होती.

वाटेतलं बेटमा गाव मागे पडल्यावर दादाने पिशवीतून झेरॉक्स कागदांचा जाडजूड गठ्ठा काढला. वर्गातल्या एका मुलाच्या काकांनी अमेरिकेहून एका खेळाचं पुस्तक पाठवलं होतं, त्याची ही नक्कल.

"पट कुठाय?" मी विचारलं.

"पट नसतो."

"मग सोंगट्या?"

"त्याही नसतात."

"मग खेळतात कशाने?"

"बोलून," दादा म्हणाला आणि गठ्ठा परत आत ठेवला. हा आपली फिरकी घेतोय असं मला वाटलं. मी धार येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आम्ही पोचलो तेव्हा ताई गॅसचं भरलेलं सिलिंडर जिन्यावरून वर नेत होती. मामांचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं आणि सिलिंडरवाला ते खालीच ठेवून निघून जायचा. ताई म्हणजे दादाची धाकटी बहीण, त्याच्याहून वर्षा-दीड वर्षाने लहान. बी.ए.ची शेवटची परीक्षा नुकतीच झाली होती. कॉलेजात गोळाफेकीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दादा पुढे होऊन म्हणाला, "सोड, मी घेतो." ताई म्हणाली, "तू तुझी पिशवी सांभाळ," आणि उरलेल्या पायऱ्या न थांबता चढून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ सुरू झाला. बाहेर लू, म्हणजे भाजणारा वारा, सुटलेली, मधल्या खोलीचे पडदे ओढलेले, जमिनीवर सतरंजी. आम्ही चौघं होतो: दादा, ताई, मी आणि दादाचा शाळेपासूनचा मित्र. या मित्राच्या वडिलांचं धारजवळच्या मांडूच्या किल्ल्यावर जेवणाचं लहानसं हॉटेल होतं. तो घरी माळवी बोलायचा आणि लहानथोर सगळ्यांनाच 'भिया' म्हणायचा.

खेळ असा होता. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपलं माणूस काय करतं ते बोलून सांगायचं. जमलं की नाही ते फासे ठरवणार. गोष्ट सांगणाऱ्याला मास्टर म्हणायचं, आणि मास्टर अर्थातच दादा. तो लोडाला टेकून बसायचा आणि समोर मामांची एक जाड फाईल उभी करायचा. फाईलच्या पलीकडे तो काय बघतो, काय लिहितो, ते आम्हाला दिसायचं नाही. मास्टरने असंच खेळायचं असतं म्हणे. मला ती फाईल पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

आधी प्रत्येकाने आपलं पात्र तयार करायचं होतं. लुडोचे तीन फासे एकदम टाकायचे, जी बेरीज येईल ती पात्राची ताकद. मग परत टाकायचे, ती अक्कल. असं एकेक. मला ताकद सात आली, म्हणून मी चोर झाले. मित्राला तेरा. ताईने फासे टाकले आणि तिन्हींवर सहा आले. अठरा!

मी टाळ्या पिटल्या. दादाही क्षणभर खूष झाला. म्हणाला, "लढवय्याला अठरा आले की आणखी एक गंमत असते." डालड्याच्या छोट्या डब्यात त्याने शून्यापासून नऊपर्यंतच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या. त्यातून दोनदा चिठ्ठी काढायची. पहिली दशकाची, दुसरी एककाची. शंभराच्या जितकं जवळ, तितका तो लढवय्या जबरदस्त. ताईने आठ काढला, मग सात.

"सत्त्याऐंशी!" मित्र ओरडला. "भिया, या तो दरवाजो उखाड़ देगी!"

दादाने फाईलमागे पानं उलटली. बराच वेळ उलटली. मग म्हणाला, "तुझं पात्र बाई आहे ना?"

"हो. का?"

"मग पन्नास लिही. बाईला पन्नासच्या वर नाही."

ताई हसली. तिला वाटलं तो गंमत करतोय. "कोण म्हणतं?"

"नियम आहे."

"दाखव."

"मास्टरशिवाय कुणी हे वाचायचं नाही. तोही नियम आहे."

ताईने पेन्सिलीने पन्नास लिहिलं, पण इतकं दाबून की कागद फाटला. मी मनाशी ठरवूनच टाकलं: असा काही नियमबियम नाही, हा दादाचा स्वतःचा आहे.

माझ्या संशयाला कारण होतं. त्या दिवसांत घरात दुसरीच एक गोष्ट शिजत होती. ताईला ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं होतं, वसतिगृहात राहून. मामींचा साफ विरोध. "इतके दिवस मैदानात उड्या मारल्यात त्या पुरे. आता काय, तर दुसऱ्यांना उड्या मारायला शिकवणार?" असं त्या पोळ्या लाटता लाटता भिंतीकडे बघून बोलायच्या. मामांनी हो किंवा नाही म्हटलेलं नव्हतं. "विचार करतो," एवढंच. आणि रोज संध्याकाळी मामा नि दादा गॅलरीत खुर्च्या टाकून बसायचे. मी एकदा पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर दोघंही गप्प झाले. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तसंच. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम अनवाणी गेले. मला फक्त मामांचं "मग तू सांग ना" एवढं ऐकू आलं, आणि दादाने माझ्याकडे बघून खुर्ची सरकवली.

मी ताईला सांगितलं, "दादा मामांचे कान भरतोय."

"छे," ताई म्हणाली. "तो कशाला?"

"मग खेळात तसं का करतो?"

ताईने आपला कागद काढून त्यावरचं पन्नास पाहिलं. पण त्यानंतर तीही त्याच्याकडे माझ्यासारखीच बघायला लागली. दादा हसला तरी आम्हाला वाटायचं, का हसला? आंबा चिरून मोठी फोड ताईला दिली, तर वाटायचं, कशाबद्दल?

खेळ मात्र थांबला नाही, कारण दादा गोष्ट फार छान सांगायचा. डोंगरावरचं एक ओसाड शहर, कोरडे हौद, पडके महाल, आत लपलेले दरोडेखोर. नाव त्याने भलतंच काहीतरी ठेवलं होतं, पण मित्राने पहिल्याच दिवशी ओळखलं. "यो तो मांडू है, भिया." त्यानंतर तो प्रत्येक वाटेवरून दादाशी भांडायचा. इथे जिना नाहीच, तिथे कमान आहे, या हौदात उतरायला पायऱ्या पलीकडून आहेत. दादा वैतागायचा, पण ऐकायचा. ताईच्या लढवय्या बाईने चार दरोडेखोर लोळवले. एका बंद दरवाजापाशी मात्र ती अडली. फासे पडले आणि दादा म्हणाला, "थोडक्यात हुकलं. ताकद कमी पडली." पुढे होऊन मित्राच्या माणसाने खांदा लावला आणि दार उघडलं. त्याची ताकद होती तेरा.

"तुझ्या तेराने उघडतं आणि माझ्या अठराने नाही?" ताई म्हणाली.

"फासे आहेत," दादा म्हणाला. "मी काय करणार?"

फाशांचं खरं होतं. तरी ताई उठून आत गेली आणि त्या दिवशीचा खेळ तिथेच मोडला.

दोनेक दिवसांनी भर दुपारी मामींनी दादाला बर्फ आणायला पिटाळलं. मित्र अजून यायचा होता. दादाने गठ्ठा लोडाखाली सारला आणि तो जिना उतरला. ताईने मुळीच घाई केली नाही. तिने लोड बाजूला केला, गठ्ठा मांडीवर घेतला आणि पानं चाळायला लागली. मी हिंदी माध्यमातली, माझं इंग्रजी यथातथाच, पण आकडे मलाही कळत होते. एका तक्त्यावर ताईचं बोट थांबलं. तिने ओळ दोनदा वाचली.

"आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"नियम. छापलेला आहे. माणूस जातीची बाई, अठरा, पन्नास. त्याच्यापुढे नाही."

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. दादा खोटारडा निघायला हवा होता. तो एकटाच खोटारडा असता तर त्याच्याशी भांडून भागलं असतं. आता समजेना की भांडायचं कुणाशी. कुठल्यातरी परक्या देशात कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं होतं की बाईची ताकद कुठवर, आणि ते ठरलेलं बेटम्यावरून बसने आमच्या सतरंजीपर्यंत आलं होतं. त्या माणसाने कुणाची ताकद मोजली असेल? की मोजलीच नसेल?

ताई पुढची पानं उलटत होती. एका पानावर तिने विचारलं, "हे आपण कधी खेळलो?" पात्राने किती ओझं घेतलं तर चाल किती मंदावते, त्याचा तक्ता होता. पुढे दिव्याला तेल किती पुरतं, बाण किती उरले, शिधा किती दिवसांचा, सगळ्याचे नियम. मला आठवलं, दादाने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "पुस्तकात कटकटी बऱ्याच आहेत, त्या आपण सोडून देऊ." तेव्हा आम्ही तिघांनी मान डोलावली होती.

जिन्यावर पावलं वाजली. ताईने पानं लपवली नाहीत. दादा आत आला, हातात गोणपाटात गुंडाळलेला बर्फ, मागे त्याचा मित्र.

"मास्टरचं पुस्तक वाचलंत?"

"वाचलं," ताई म्हणाली. "तू म्हणालास तसंच लिहिलंय."

दादाचा चेहरा उजळला. "बघ! इतके दिवस मला चोर ठरवत होतात दोघी. मी काय मनाने बनवणार?"

"मग ओझ्याचं का नाही खेळलास?" मी विचारलं.

"कसलं ओझ्याचं?"

"ओझ्याचा नियम आहे. तेलाचा आहे, बाणांचा आहे. ते सगळं सोडलंस. मग हेच का ठेवलंस?"

बर्फाचं पाणी सतरंजीवर ठिबकत होतं. दादा म्हणाला, "ते सगळं खेळात अडचण करतं. हिशेबच करत बसावं लागतं."

"आणि हे?"

"हे कुणालाच अडचण करत..." एवढं बोलून त्याने ताईकडे पाहिलं आणि थांबला.

"इनके तो करे है, भिया," मित्र ताईकडे बोट करून हळूच म्हणाला.

दादा चिडला. चूक आहे असं कुणी म्हटलं की तो आधी चिडायचाच. "एवढंच आहे तर पुरुष घे ना! कोण अडवतंय? पात्र पुरुष केलंस की सत्त्याऐंशी तुझे."

"घेतला," ताई म्हणाली. तिने कागद ओढला, पन्नास खोडून सत्त्याऐंशी लिहिले आणि सतरंजीवर मांडी ठोकून बसली. "मी दार तोडतो."

आधी रोज 'मी जाते, मी मारते' म्हणणारी ताई त्या दुपारपासून 'मी जातो, मी मारतो' म्हणायला लागली. सुरुवातीला मला हसू यायचं. मित्राचा गोंधळ उडायचा, तो एकदा 'यो' म्हणजे 'हा' म्हणायचा, एकदा 'या' म्हणजे 'ही'. दादा मास्टर असल्यामुळे त्याला ताईशी 'तू आत शिरतोस, तुला समोर दोघं दिसतात' असंच बोलावं लागायचं, आणि ते बोलताना तो फाईलकडे बघायचा. मामींनी एकदा दारातून ऐकलं. "अगो, हे काय नवीन? मुलीच्या जातीने बोलतो-चालतो करायचं?" ताई म्हणाली, "खेळात आहे, आई." मामी म्हणाल्या, "खेळ कुठे संपतो ते ठाऊक असलं म्हणजे झालं." दारं मात्र आता उघडत होती. ताईचा लढवय्या थेट वरच्या महालापर्यंत पोचला.

आणि मग एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. पानात आमरस होता. मामांनी विचारलं, "ग्वाल्हेरला कळवायची मुदत जवळ आली ना?"

ताई म्हणाली, "हो अण्णा. मी जातो."

तिने मुद्दाम म्हटलं की तोंडून गेलं, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं. प्रत्येक वेळी तिचं उत्तर वेगळं असायचं.

मामांचा घास हातात राहिला. "जातो?"

ताई लाल झाली. "जाते." पण तिने मान खाली घातली नाही. "जाते, अण्णा. तुम्ही हो म्हणालात तर."

मामी काही बोलणार तोच मामांनी हात वर केला आणि ते दादाकडे वळले. "आता तरी सांग. तुझं मत काय?"

मी दादाकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता सगळं बाहेर पडणार.

दादा म्हणाला, "मी काय सांगू? तुम्ही ठरवा."

"आठ दिवस गॅलरीत हेच ऐकतोय," मामा म्हणाले. "रोज विचारतो, रोज तू म्हणतोस तुम्ही ठरवा. अरे, बाहेर शिकतोस, वसतिगृहात राहतोस, तुला नाही तर कुणाला विचारू? पाठवा म्हण, पाठवू नका म्हण, काहीतरी म्हणशील की नाही?"

म्हणजे कान भरणं वगैरे काही नव्हतंच. माझा तोही अंदाज चुकला होता. पण त्याने मला बरं काही वाटलं नाही. विरोध करणारा भाऊ मला समजला असता. हा नुसताच गप्प बसला होता, आणि त्या गप्प बसण्याने ताईचे दिवस वाया चालले होते.

ताईने पानावरून हात उचलला. "तिकडे माझे पन्नास ठेवायला तुला तोंड होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "इथे नाही?"

मामा-मामींना त्यातलं अक्षर कळलं नाही. दादाला कळलं. त्याने वाटीतला आमरस ढवळला, वाटी खाली ठेवली, परत उचलली. मग म्हणाला, "पाठवा तिला. तिथे मुलींचं वसतिगृह वेगळं आहे. मी चौकशी केलीय."

"कधी केलीस?" मामांनी विचारलं.

"इंदूरहून निघायच्या आधीच."

"मग बोलला का नाहीस?"

दादा म्हणाला, "आई रागावली असती."

मला वाटलं होतं मामी भडकतील. त्या उठल्या, पोळ्यांचा डबा आणला आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर म्हणाल्या, "मी स्वतः येऊन ते वसतिगृह बघणार. संडासापासून सगळं. नाही पटलं तर परत घेऊन येईन." मामा म्हणाले, "बघा की." इतकं बोलून ते ठरलं.

मामी खरोखर गेल्या. परत आल्या त्या एकट्याच, आणि आल्यावर आठवडाभर तिथल्या वॉर्डनबाईंचं कौतुक करत होत्या. ताईने तो अभ्यासक्रम पुरा केला. पुढे ती आमच्याच देवासला एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि लग्न होईपर्यंत आमच्याकडे राहिली.

पण त्याआधी, पुढच्या उन्हाळ्यात, आम्ही चौघं पुन्हा त्या सतरंजीवर जमलो होतो. नवी गोष्ट, नवी पात्रं. ताईने फासे टाकले, ताकदीला नऊ आले. दादा घाईघाईने म्हणाला, "हवं तर परत टाक." ताई म्हणाली, "नको. नऊ तर नऊ." तिने पात्र बाईच ठेवलं, जादूगारीण केली, आणि ती बिचारी पहिल्याच दुपारी एका हौदात पडून मेली. ताई पोट धरून हसली आणि तिथेच लोडावर डोकं टेकून झोपून गेली.

मी दादाला हळूच विचारलं, "तो नियम काढलास का?"

"कुठला नियम?" तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. तो फासे डब्यात भरत होता. त्याला खरंच आठवत नव्हतं, की तो तसं दाखवत होता, हे मला त्या दुपारी कळलं नाही, आणि नंतरही कधी कळलं नाही.